रोहिणीच्या भिंतीतील बहुरूपी पेशी

हृदयातून रक्त घेऊन निघणाऱ्या रोहिणीची भिंत तीन थरांची असते. रक्ताला लागून असतो तो आतला थर. त्याच्या पृष्ठभागावर अंतःस्तर पेशींचे एकपदरी अस्तर असते. सर्वांत बाहेरचा थर तंतुमय ऊतीचा. मोठ्या रोहिण्यांत त्यातून भिंतीला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आणि मज्जातंतू जातात. या दोहोंमधला थर सर्वांत जाड असतो आणि निरोगी रोहिणीत तिथे जवळजवळ एकाच जातीच्या पेशी राहतात: अरेखित स्नायुपेशी. हातापायांच्या स्नायूंवर सूक्ष्मदर्शकाखाली जे आडवे पट्टे दिसतात, ते यांच्यावर दिसत नाहीत. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये एकच केंद्रक असलेल्या या पेशी रोहिणीला वेढा घालून बसलेल्या असतात. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या मुळाशी पुष्कळदा जो रोग असतो, त्या रोहिणीविलेपी विकाराची, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी असलेल्या अ‍ॅथेरोस्क्लेरोसिसची, हकीकत अनेक वर्षे कोलेस्टेरॉल आणि रक्ताची गुठळी या दोघांभोवतीच सांगितली गेली. भिंतीत मुळापासून राहणारी ही पेशी त्या हकीकतीत कडेला पडली. भिंतीत साचलेला मेद आयुष्यभर गप्प पडून राहणार की एका सकाळी जीव घेणार, हे मात्र पुष्कळ अंशी या स्नायुपेशी कोणते रूप घेतात यावर ठरते.

त्यांचे रोजचे काम रोहिणीचा व्यास सांभाळण्याचे. पेशीत कॅल्शियम शिरले की अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकतात, पेशी आखडते आणि वाहिनी अरुंद होते. रक्तदाबासाठी घरोघरी घेतली जाणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी नेमका हा कॅल्शियमचा प्रवेश रोखते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी उलट्या बाजूने तेच साधते: तिच्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो स्नायुपेशीला सैल करतो. हा वायू शरीर स्वतःही बनवते, हे कळण्याआधीचा एक प्रयोग या क्षेत्रातला अतिशय देखणा प्रयोग मानावा लागेल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर औषधे घालून त्यांचे आकुंचन मोजत असत. अ‍ॅसिटिलकोलीन घातले की पट्टी कधी आखडे, कधी सैल पडे. पट्टी कापताना आतली बाजू घासली गेली असेल तर ती सैल पडत नाही, असे शेवटी लक्षात आले. म्हणजे सैल होण्याचा हुकूम स्नायुपेशींना त्या नाजूक आतल्या अस्तराकडून मिळत होता. फर्चगॉट आणि झावाड्स्की यांनी हे १९८० मध्ये प्रसिद्ध केले. हुकूम नेणारा तो रेणू नायट्रिक ऑक्साइड ठरला आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. रोगाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी, की तोच नायट्रिक ऑक्साइड स्नायुपेशींना शांतही ठेवतो. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब यांनी अस्तर बिघडले की हा अंकुश ढिला पडतो.

आकुंचनाखेरीज या पेशींचे दुसरे काम बांधकामाचे. रोहिणीची लवचीकता ज्यावर अवलंबून असते ते इलॅस्टिन आणि तिला ताण सोसायला लावणारे कोलॅजन, दोन्ही त्याच विणतात. माणसाच्या छातीतल्या महारोहिणीत इलॅस्टिनचे पन्नासच्या वर पदर एकावर एक असतात आणि दोन पदरांच्या मध्ये स्नायुपेशींची ओळ असते. वोलिन्स्की आणि ग्लॅगॉव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवले, की उंदरापासून मोठ्या जनावरांपर्यंत प्राणी जितका मोठा तितके पदर जास्त. पण एका पदरावर येणारा ताण सगळ्यांत जवळजवळ सारखा. हे इलॅस्टिन मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणी विणले जाते. पुढे तेच आयुष्यभर पुरवायचे असते.

तरीही रोगाच्या अभ्यासात या पेशींना जागा मिळायला फार उशीर झाला. रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये या विकाराकडे भिंतीचा दाह म्हणून पाहिले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत माणसासारखे मेदाचे थर उठवून दाखवले. पुढची अनेक दशके लक्ष मेदावरच राहिले. कॅनडात मारिया डारिया हॉस्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये, रोहिणीच्या भिंतीत मेद साचून उठणाऱ्या फुगवट्यात, म्हणजे गाठीत, जो तंतुमय भाग असतो तो स्नायुपेशींचे काम आहे असे मांडले. १९६७ मध्ये शिकागोचे रॉबर्ट विस्लर यांनी थेट प्रश्न विचारला: मधल्या थरातली ही पेशी केवळ स्नायूच आहे, की अनेक कामे करू शकणारी मूळ धर्तीची ऊतकपेशी आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची पन्नास वर्षे गेली, आणि प्रश्न किती अचूक होता हे त्यातूनच कळते.

१९७३ हे या विषयातले मोठे वर्ष. सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून त्या एकाच वर्षी दोन निबंध आले. रसेल रॉस आणि जॉन ग्लॉमसेट यांचे म्हणणे असे, की आतल्या अस्तराला इजा झाली की मधल्या थरातल्या स्नायुपेशी आतल्या थरात सरकतात, तिथे वाढतात आणि कोलॅजन रचतात. गाठ ही त्या इजेला दिलेले उत्तर असते. पुढच्याच वर्षी रॉस यांनी माकडाच्या स्नायुपेशी काचपात्रात वाढवताना पाहिले, की गोठलेल्या रक्ताच्या रसात पेशी भराभर वाढतात, पण प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या रक्ताच्या रसात त्या जागच्या जागी थांबतात. प्लेटलेटमधून निघणाऱ्या ज्या वृद्धिकारक प्रथिनाचा हा प्रताप होता, ते आज कर्करोगाच्या अभ्यासातही तितकेच ओळखीचे आहे. दुसरा निबंध अर्ल बेंडिट आणि जॉन बेंडिट यांचा. एका विकराची दोन रूपे ज्यांच्या शरीरात असतात, अशा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रोहिण्या त्यांनी तपासल्या. प्रत्येक पेशीत या दोनांपैकी एकच रूप चालू असते. निरोगी भिंतीत दोन्ही रूपांच्या पेशी मिसळलेल्या सापडल्या. गाठीत मात्र बहुधा एकाच रूपाच्या. म्हणजे एखादी गाठ एका किंवा मोजक्या पेशींच्या वंशजांची असावी, अर्बुदासारखी. रॉस यांच्या कल्पनेमागे सगळे जग गेले आणि बेंडिट यांचे निरीक्षण मागे पडले. त्याकडे दुर्लक्ष झाले हे या इतिहासातले खरे नुकसान.

काचपात्रातल्या पेशींनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. रोहिणीतून काढलेल्या स्नायुपेशी काही दिवसांत आकुंचनाची यंत्रणा मोडून टाकतात, पसरट होतात, विभागू लागतात आणि कोलॅजन बनवण्याच्या मागे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या चॅमली-कॅम्पबेल दांपत्याने सत्तरच्या दशकात हे बारकाईने नोंदवले. हृदयाच्या किंवा दंडाच्या पूर्ण वाढलेल्या स्नायुपेशीला असे रूप पालटता येत नाही. अरेखित स्नायुपेशीला येते, कारण इजा झालेली वाहिनी दुरुस्त करायला बाहेरून कोणी येणार नसते. जी पेशी भिंत धरून आहे तिलाच काही काळ गवंड्याचे काम करावे लागते. या बदलाचे रासायनिक सूत्रही आता बऱ्यापैकी हाती आले आहे. २००१ मध्ये सापडलेले मायोकार्डिन नावाचे प्रथिन स्नायूपणाची जनुके चालू ठेवते. केएलएफ-४ नावाचे दुसरे प्रथिन त्यांना दडपते. प्लेटलेटच्या वृद्धिकारकाने, ऑक्सिडीकरण झालेल्या मेदाने आणि दाहाच्या संदेशांनी केएलएफ-४ चे पारडे जड होते, आणि पेशी स्नायूपण सोडू लागते.

इथेच एक मोठी अडचण होती. कोणतीही पेशी स्नायुपेशी आहे हे ओळखायचे तर तिच्यातल्या अ‍ॅक्टिनसारख्या खुणा रंगवून पाहायच्या, ही चालत आलेली रीत. पण रूप पालटणारी पेशी नेमक्या त्याच खुणा टाकून देते. दुसरीकडे रक्तातून भिंतीत येऊन मेद गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या म्हणून मानलेल्या खुणा ती उचलते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जी भक्षक पेशी दिसे ती रक्तातून आलेली आहे की भिंतीतली मूळची, हे सांगता येत नसे. यातून सुटका केली ती वंशखूण लावलेल्या उंदरांनी. उंदीर निरोगी असतानाच त्याच्या स्नायुपेशींच्या जनुकसंचात कायमची चमकती खूण बसवायची. नंतर पेशीने कितीही सोंगे घेतली तरी ती आणि तिची संतती चमकत राहते. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गॅरी ओवेन्स यांच्या गटाने २०१५ मध्ये अशी पाहणी प्रसिद्ध केली. गाठीतल्या स्नायुपेशींच्या वंशजांपैकी पाचांतल्या चारांहून अधिक पेशी जुन्या रीतीने ओळखूच आल्या नसत्या. माणसांच्या हृदयरोहिण्यांतही मेद पिऊन फुगलेल्या ज्या फेसाळ पेशींना सरसकट भक्षक पेशी म्हटले जाई, त्यांतल्या सुमारे निम्म्या मूळच्या स्नायुपेशी असाव्यात असे व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. मागे वळून पाहता जुन्या पाठ्यपुस्तकांतली गाठीची चित्रे निम्मी चुकीच्या नावांनी भरलेली होती. त्यात संशोधकांचा निष्काळजीपणा नव्हता. साधन तेवढेच होते.

अनेकरंगी खुणांच्या उंदरांनी बेंडिट यांनाही न्याय दिला. केंब्रिजमधून २०१६ मध्ये आलेल्या कामात दिसले, की मधल्या थरातल्या असंख्य स्नायुपेशींपैकी फारच थोड्या गाठीत शिरून वाढतात, आणि एकाच रंगाचे मोठे पट्टे तयार होतात. त्यातही एकाच पेशीची संतती गाठीच्या वरच्या पापुद्र्यात आणि खालच्या मेदगाभ्यात, दोन्हीकडे सापडते. कोणत्या पेशी अशा निवडल्या जातात आणि का, यावर आज मोठे काम चालू आहे. या पेशींची वाढ अर्बुदासारखी आहे असे मानून कर्करोगावरचे निरापॅरिब हे औषध उंदरांच्या रोहिण्यांवर वापरून पाहिले गेले, तेव्हा गाठी आटल्याचेही दिसले आहे.

पेशीच्या रूपाचे महत्त्व समजायला अचानक दगावलेल्या माणसाच्या हृदयरोहिणीचा एक छेद पाहणे पुरेसे ठरते. मध्ये उरलेल्या पोकळीत लालसर गुठळी अडकलेली असते. तिच्या एका बाजूला भिंत फुगलेली, आणि त्या फुगवट्यात घट्ट पेजेसारखा पिवळट मेदगाभा: मेलेल्या पेशी, कोलेस्टेरॉलचे स्फटिक विरघळून गेल्यामुळे उरलेल्या सुईसारख्या रिकाम्या फटी. गाभा आणि रक्त यांच्यामध्ये कोलॅजनचा एक पापुद्रा असतो. तो जिथे फाटला आहे तिथे बारकाईने पाहिले तर त्याची जाडी बहुतेक वेळा ६५ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागापेक्षा कमी भरते. तिथे भक्षक पेशींची दाटी असते आणि स्नायुपेशी अगदी तुरळक. पापुद्रा विणणाऱ्या त्याच. त्या मेल्या किंवा दाहाच्या संदेशांनी विणणे थांबवून बसल्या की भक्षक पेशींची विकरे जुने कोलॅजन खात राहतात आणि नवे येत नाही. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींतून निघणारे इंटरफेरॉन-गॅमा स्नायुपेशींचे कोलॅजन बनवणे थांबवते, हे पीटर लिबी यांच्या गटाने दाखवले होते. उलट जिथे पापुद्रा जाड आणि स्नायुपेशींनी भरलेला आहे, अशी गाठ वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकते. सगळ्याच मृत्यूंना हा नियम लागू पडत नाही. काही गाठी न फाटताच वरचे अस्तर झिजून गुठळी धरतात, विशेषतः तरुण स्त्रियांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत, आणि अशा गाठी स्नायुपेशींनी समृद्धच असतात.

गाठ मोठी असणे आणि धोकादायक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सामान्य वाचकाच्या मनात ठसायला हवे. ग्लॅगॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवले, की गाठ वाढू लागली तरी रोहिणी बाहेरच्या बाजूला फुगून पोकळी राखते. गाठीने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत फक्त पोकळी दिसते. त्यामुळे ‘ब्लॉकेज किती टक्के’ या प्रश्नाच्या उत्तरात पापुद्र्याची जाडी आणि त्यातल्या पेशींची अवस्था येत नाही.

स्नायुपेशींची दुसरी बाजू, म्हणजे त्यांच्या अतिउत्साहाने होणारी हानी, जगाला कळली ती उपचारामुळे. झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिली हृदयरोहिणीची अँजिओप्लास्टी केली. फुग्याने गाठ दाबून वाट मोकळी होई, पण अस्तर खरवडले जाई आणि भिंत ताणली जाई. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत काही महिन्यांतच वाट पुन्हा अरुंद होऊ लागली. १९८६ पासून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायला सुरुवात झाल्यावर भिंत आत कोसळणे थांबले. तरी जाळीच्या आत नवी ऊती भरून येई. तिच्यात मेद फारसा नसे. तारकाकृती, सैल पसरलेल्या स्नायुपेशी आणि त्यांनी स्रवलेला चिकट द्रव्याचा पसारा, इतकेच. पेशी आपले दुरुस्तीचे काम इमानाने करीत होत्या, फक्त ते कुठे थांबवायचे याचा संदेश देणारे अस्तर जागेवर नव्हते.

त्यावरचा तोडगा ईस्टर बेटाच्या मातीतून आला. १९६४ मध्ये कॅनडाच्या मोहिमेने तिथून आणलेल्या मातीतल्या एका जीवाणूपासून मॉन्ट्रिअलमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रॅपामायसिन वेगळे केले गेले. ते ओळखणारे आणि कंपनीने काम बंद केल्यावरही त्याचा पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ म्हणजे भारतीय वंशाचे सुरेंद्र नाथ सेहगल. हे औषध पेशीचे विभाजन रोखते. स्टेंटवर त्याचा लेप देऊन केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची वाट पुन्हा अरुंद झालेली होती, लेप असलेल्या गटात एकाचीही नव्हती. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये असे दोन आकडे जाहीर झाले. रुग्णाच्या नातेवाइकांना त्या दोन आकड्यांतला फरक महाग जाळीचा वाटतो. वस्तुतः ती स्नायुपेशींना आवर घालण्याची किंमत असते. औषधाने मात्र अस्तर पेशींची वाढही मंदावते, उघडी जाळी जास्त काळ रक्ताला लागून राहते, आणि म्हणून गुठळी टाळणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. बायपासमध्ये पायाची शीर रोहिणीच्या जागी जोडली की तिलाही रोहिणीचा दाब सोसावा लागतो. तिच्या स्नायुपेशी वाढतात, भिंत जाड होते आणि दहा वर्षांत अशा सुमारे निम्म्या शिरा बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या आतली रोहिणी वापरली तर ती बहुसंख्य रुग्णांत त्या मुदतीनंतरही चांगली चालते.

स्नायुपेशी नाहीशाच झाल्या तर काय होते, याचे उदाहरण निसर्गानेच एका अतिशय दुर्मीळ आजारात दिले आहे. प्रोजेरिया असलेल्या मुलांना अकाली वार्धक्य येते. त्याचे कारण असलेला जनुकदोष २००३ मध्ये सापडला. या मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल सहसा वाढलेले नसते, तरी बहुतेक मुले चौदा-पंधरा वर्षांच्या आसपास हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जातात. त्यांच्या महारोहिणीच्या मधल्या थरात स्नायुपेशींच्या जागी तंतुमय ऊती उरलेली आढळते. इथे भिंतीची पेशी हरवणे हाच रोग आहे. आकुंचनाच्या अ‍ॅक्टिनचे जनुक बिघडले की महारोहिणी फुगते आणि फाटते, हे २००७ मध्ये अनेक कुटुंबांच्या अभ्यासातून कळले. मूत्रपिंडाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांत याच पेशी हाडाच्या पेशींची जनुके चालू करतात आणि मधला थर चुन्यासारखा कडक होतो.

आनुवंशिकतेचे पुरावेही याच दिशेने बोट दाखवतात. हृदयरोहिणीच्या आजाराशी जोडलेले जे जनुकस्थान २००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावर सापडले, त्याचा प्रभाव स्नायुपेशींच्या वागणुकीवर पडतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. टीसीएफ-२१ नावाचे दुसरे एक जनुक स्नायुपेशीला तंतू विणणाऱ्या रूपाकडे वळवते. स्टॅनफर्डच्या गटाने २०१९ मध्ये एकेका पेशीची जनुके वाचून दाखवले, की हे रूप संरक्षक पापुद्र्यात गोळा होते आणि ज्यांच्यात या जनुकाचे काम जोरात असते त्यांना आजाराचा धोका कमी. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या आसपास, असे ५२ देशांच्या इंटरहार्ट पाहणीत आढळले होते. त्याची कारणे मुख्यतः धूम्रपान, मधुमेह, मेदाचे प्रमाण अशी ओळखीचीच आहेत. भिंतीच्या पेशींवर त्या कारणांचा परिणाम कसा होतो हे भारतीय रुग्णांत तपासण्याचे काम मात्र अजून बरेच व्हायचे आहे, आणि ते व्हायलाच हवे.

उपचाराचा प्रश्न म्हणून अवघड आहे. स्नायुपेशी सरसकट थोपवल्या तर पापुद्रा झिजेल. सरसकट उत्तेजित केल्या तर वाट बुजेल. उंदरांच्या स्नायुपेशींतून केएलएफ-४ काढून टाकले तेव्हा गाठी लहान आणि घट्ट झाल्या. ऑक्ट-४ हे तशाच जातीचे प्रथिन काढले तेव्हा गाठी बिघडल्या. दाह रोखणेही वाटते तितके सरळ नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहसंदेशकाविरुद्धचे कॅनाकिनुमॅब हे औषध १०,०६१ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निकालात झटके, पक्षाघात व हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले, पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. पुढच्याच वर्षी ओवेन्स यांच्या गटाने जुन्या, मुरलेल्या गाठी असलेल्या उंदरांत तोच संदेशक अडवला, तेव्हा पापुद्र्यातल्या स्नायुपेशी आणि कोलॅजन घटले. माणसात फायदा आणि उंदरात तोटा, हे कोडे सुटलेले नाही. एक कारण दोघांच्या रोहिण्यांच्या रचनेतच असू शकते. माणसाच्या हृदयरोहिणीत आतल्या थरात स्नायुपेशींची जाड गादी तान्हेपणापासूनच तयार होऊ लागते आणि मेद सुरुवातीला तिच्यातच साचतो. उंदराच्या रोहिणीत अशी गादी नसते. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी गाठी, शवचिकित्सेतल्या रोहिण्या आणि रुग्णाच्या रक्तपेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या स्नायुपेशी यांच्यावरचे काम आता उंदरांवरच्या कामाच्या बरोबरीने चालते. सध्या नित्य वापरातल्या औषधांपैकी स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवून गाठीतला दाह आणि गाभा कमी करतात आणि पापुद्रा जाड व्हायला वाव देतात. स्नायुपेशीला थेट हवे ते रूप घ्यायला लावणारे औषध मात्र अद्याप रुग्णांपर्यंत आलेले नाही.